उसना आवाज

मला मूर्ख म्हणणारी माणसं आयुष्यात बरीच भेटली. साइटवरचे कॉन्ट्रॅक्टर, माझा मुलगा, मंडळाचे दोन माजी अध्यक्ष. त्यांतल्या कुणाचे मी आभार मानलेले नाहीत आणि मानणारही नाही. फरखंदा आपांचे मात्र मानायचे आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

मी उल्हास. मूळचा पुण्याचा, पेशाने सिव्हिल इंजिनियर, आता निवृत्त. गेली अकरा वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात राहतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकाचा लेखक मी, दिग्दर्शक मी, नेपथ्य माझं आणि भांडणंही माझीच. मुख्य भूमिका माझी बायको विनीता करते. ही घराणेशाही आहे अशी कुजबुज कमिटीत दरवर्षी होते, आणि प्रयोग संपला की कुजबुजणारेच तिच्याभोवती गोळा होतात. तिचा आवाजच तसा होता. खणखणीत. माइक नसला तरी शेवटच्या रांगेत पोचायचा. स्वयंपाकघरातून तिने मला हाक मारली की शेजारच्यांचा कुत्रा उठून बसायचा.

फेब्रुवारीत तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, हे आमचं नशीब. पण आवाजाची नस दुखावली. असं क्वचित होतं, डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, यात कुणाची चूक नव्हती. घशातला एक स्वरतंतू हलेनासा झाला आणि विनीताच्या आवाजाच्या जागी एक खरखरीत, हवा मिसळलेला, चार शब्दांत दमणारा आवाज येऊन बसला. थोडा सुधारेल, पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं थेरपिस्टने सांगितलं.

मग विनीताने बोलणंच कमी केलं. फोन घेईना. दुकानात गेलो की ती गुपचूप सेल्फ चेकआउटकडे, म्हणजे बिनमाणसाच्या काउंटरकडे वळायची. माझं लक्ष वेधायचं असेल तर टेबलावर बोटं वाजवायची. मी इतका बडबड्या माणूस, की घरात दुसरं कुणी बोलत नाहीये हे ध्यानात यायलाच मला दोन महिने लागले.

नाटक सप्टेंबरात होतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका मुलाकडे मेलबर्नला येते आणि अख्ख्या गल्लीला शिस्त लावते, अशी गोष्ट. ऑपरेशनच्या आधीच लिहून झालेलं, आणि लिहिताना कानात विनीताचाच आवाज. आता काय करायचं? कमिटीचं म्हणणं, दुसरी कुणी घ्या. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. आणि मग मला ती कल्पना सुचली, जिच्यावर मी स्वतःच फिदा झालो.

मंडळात लहान मुलांची नाटुकली आम्ही कशी करतो? मुलांना मराठी धड बोलता येत नाही, म्हणून संवाद आधीच मोठ्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवतो. स्टेजवर मुलं नुसती तोंडं हलवतात आणि आईबाप टाळ्या वाजवतात. तेच विनीतासाठी करायचं. अभिनय तिचा, आवाज ऋताचा. ऋता ही आमच्यातली तिशीची मुलगी, आयटीत आहे, उच्चार स्वच्छ. साउंडला आमचा नेहमीचा हृषिकेश. मी विनीताला ही योजना सांगितली तेव्हा तिने मान हलवली. चौतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या मानेचा अर्थ आपल्याला कळतो, अशी माझी खात्री होती.

तालमी आमच्या गॅरेजमध्ये, शनिवारी दुपारी, दार अर्धं वर करून. लॅपटॉपवरून ऋताचा आवाज यायचा आणि विनीता त्याला ओठ जुळवायची. काय जुळवायची! तिसऱ्या शनिवारी तर कुठे सांधा दिसेना. मी खूश होऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा लावायला सांगत होतो. तेवढ्यात त्या अर्ध्या दाराखालून कुणीतरी वाकून आत आलं.

समोरच्या घरातल्या डॉक्टर समरीनची आई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बांध्याच्या, पांढरे केस खांद्यापर्यंत कापलेले, अंगावर राखाडी शाल आणि पायांत इथले ते 'अग' नावाचे लोकरीचे बूट. खरं सांगतो, चार वर्षांत मी त्यांच्याशी कचऱ्याचा बिन बाहेर काढताना "कैसे हैं" यापलीकडे बोललो नव्हतो. ते लाहोरचे, आम्ही पुण्याचे, कशाला नको ते विषय निघायला, असा माझा शहाणपणा. त्यांचं नाव फरखंदा आहे हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

"ये आवाज किस की है?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा आवाज जाडा, खर्जातला, कडेला फाटलेला होता.

"इस ऋता की," मी म्हटलं.

"और चेहरा?"

"मेरी वाइफ का. कुछ पता चलता है? कुछ भी नहीं पता चलता!"

त्यांनी विनीताकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे, सगळ्या नटसंचासमोर म्हणाल्या, "आप बेवकूफ हैं, उल्हास साहब."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच गॅरेजमध्ये मला! "आप को नाटक का क्या मालूम है?" मी विचारलं. माझी हिंदी रागात आणखीच पुणेरी होते.

"थोडाबहुत," त्या म्हणाल्या, आणि विनीताकडे हात पुढे केला. "बेटा, चाय पिलाओगी?"

विनीता त्यांना घरात घेऊन गेली. तालीम तिथेच बारगळली. मी पाच मिनिटं फणफणत उभा राहिलो आणि मग चहाचं निमित्त करून मीही आत गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मराठीत लिहितो, कारण माझ्या हिंदीत लिहिलं तर त्या मला पुन्हा तेच म्हणतील.

फरखंदा आपा, म्हणजे आपल्याकडच्या फरखंदाताई, लाहोरच्या रेल्वे कॉलनीत वाढल्या. वडील मालगाडीवर गार्ड. एकोणिसाव्या वर्षी एका फोटो स्टुडिओच्या काचेत लावलेला त्यांचा फोटो बघून एका निर्मात्याने घरी माणूस पाठवला. चाचणीत चेहरा पास झाला आणि आवाज नापास. नायिका असं बोलायला लागली तर नायक पळून जाईल, असं दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला. तेव्हा नायिकेचा आवाज कसा हवा, तर साखरेच्या पाकासारखा. मग कौसर नावाच्या एका बाईंना बोलावलं. आपा कॅमेऱ्यासमोर बोलायच्या, नंतर कौसर बाई स्टुडिओत बसून त्यांच्या ओठांवर स्वतःचा आवाज चढवायच्या. सात वर्षं, अकरा चित्रपट. पोस्टरवर फरखंदा, आणि लोकांच्या कानात कौसर.

"आणि बाहेर?" मी न राहवून विचारलं. "लग्नकार्यात, समारंभात?"

बाहेर तोंड उघडायचं नाही, अशी निर्मात्याची ताकीद होती. फीत कापायची, हसायचं, मान लववायची. लोक म्हणायचे, किती लाजाळू, किती घरंदाज मुलगी. चाहते गाडीच्या काचेशी येऊन अमकं वाक्य म्हणून दाखवा म्हणून विनवायचे, आणि त्या काच वर करायच्या.

"हळूहळू घरीही सवय लागली," आपा म्हणाल्या. "एकदा अम्मीने विचारलं, नाराज आहेस का? मी मान हलवली. ती म्हणाली, ही मान हो म्हणतेय की नाही? माझं मलाच सांगता येईना."

विनीता ओट्याशी उभी होती. तिने कप खाली ठेवला.

सव्विसाव्या वर्षी चित्रपट यायचे बंद झाले, कारण नवे चेहरे आले होते. तेव्हा लाहोरच्या टीव्ही केंद्रातून एका मालिकेसाठी बोलावणं आलं. धोबिणीची भूमिका, तीही दुय्यम. तिथली कामाची पद्धत वेगळी. डोक्यावर एक माइक टांगलेला, समोर तीन कॅमेरे, आणि अख्खा प्रसंग एका दमात घ्यायचा. कुणी एक शब्द चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मागाहून आवाज चढवायची सोयच नव्हती. आपा तिथल्या निर्मात्याला म्हणाल्या, मला नाही जमणार. तो म्हणाला, तुमचा चेहरा एकटा येणार असेल तर त्याला घरीच ठेवा.

पहिला भाग दाखवला आणि पत्रांचा पाऊस पडला. फरखंदाला इतका वाईट आवाज कुणी दिला, असं लोक विचारत होते. आपा हे सांगताना पोट धरून हसल्या. सहाव्या भागानंतर मात्र तसं एकही पत्र आलं नाही. मग बावीस वर्षं त्यांनी टीव्हीवर काम केलं. धोबीण झाल्या, वकील झाल्या, जमीनदाराची विधवा झाल्या, शेवटी सगळ्यांची आजी झाल्या. नवरा गेल्यावर लेकीकडे आल्या, तर इथे दुकानात पाठमोऱ्या उभ्या असताना लोक आवाजावरून ओळखतात. चेहरा कुणाला आठवत नाही.

मग विनीता बोलली. कितीतरी दिवसांनी अख्खं वाक्य. "मला बोलायचंय, उल्हास. स्टेजवर. माझं मी."

मी ताबडतोब नाही म्हटलं. दोनशे माणसं येतात, तुला दम लागेल, घसा जाईल, लोक कीव करतील, कुणीतरी हसेल, तुला ते सहन होणार नाही. मी एक एक कारण मोजून, आपांसाठी पुन्हा हिंदीत, सांगत होतो आणि त्या ऐकत होत्या. कारणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "इन को शर्म नहीं आ रही है. आप को आ रही है."

मी उठून बाहेर गेलो. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. मी उगाच पिवळ्या झाकणाचा बिन आणि लाल झाकणाचा बिन यांच्या जागा अदलाबदल करत राहिलो. कारण ते खरं होतं. फेब्रुवारीपासून कुणी घरी आलं की "ती झोपली आहे" असं मीच सांगत होतो. दुकानातल्या पोरीने तिला "सॉरी?" म्हणून पुन्हा विचारलं की तिच्या आधी मीच उत्तर द्यायचो. तिची अडचण नको म्हणून करतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. अडचण मला होत होती. लोकांनी माझ्या बायकोचा तो आवाज ऐकू नये असं मला वाटत होतं, आणि म्हणून मी तिच्यासाठी दुसऱ्याचा आवाज उसना आणला होता, वर तिच्यावर उपकार केल्याच्या थाटात.

परत आत गेलो आणि आपांना म्हटलं, "ठीक आहे. कसं करायचं ते सांगा."

ऋताला सांगताना मला संकोच वाटत होता. तिने सरळ सुस्कारा सोडला. "काका, नो वरीज. मला ते तसं करताना पहिल्यापासून कसंतरीच होत होतं." तिला सुनेची भूमिका दिली.

पुढचे सहा आठवडे आपा रोज दुपारी आमच्याकडे यायच्या. त्यांनी विनीताला मोठ्याने बोलायला एकदाही सांगितलं नाही. उलट मलाच झापलं. माझं मुख्याध्यापिकेचं पहिलं वाक्य बावीस शब्दांचं होतं. त्याचा अर्थ मला विचारून घेऊन त्या म्हणाल्या, ही बाई बोलतेय की पत्र लिहितेय? महत्त्वाचा शब्द श्वासाच्या सुरुवातीला ठेवा, शेवटाला तो वाऱ्यावर जातो. आणि तिच्या वाक्याआधी बाकीच्यांनी थांबायचं, हलायचंसुद्धा नाही. लोकांना कान टवकारायला लावा, ते आपणहून जवळ येतील. मी रोज सकाळी संवाद कापायचो आणि दुपारी त्या आणखी कापायला लावायच्या. माझ्या लाडक्या स्वगताची शेवटी पाचच वाक्यं उरली. मला रडू यायचं बाकी होतं, पण नाटक सुधारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझी पात्रं माणसांसारखी बोलायला लागली होती.

विनीता आता घरातही बोलायला लागली. खरखर तीच, पण चाराचे सहा शब्द झाले, सहाचे आठ. दोघी उन्हात खुर्च्या टाकून गप्पा मारत बसायच्या, दोन फाटके आवाज, आणि एकमेकींचं बोलणं त्यांना कधी पुन्हा विचारावं लागलं नाही.

माझ्या मनातली भीती मात्र गेली नव्हती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी हृषिकेशला बाजूला घेतलं. ऋताचं जुनं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होतंच. त्याला म्हटलं, तयार ठेव. अडखळली आणि मी हात वर केला, की लाव. संवाद कापले होते, काही वाक्यं जुळणार नव्हती, पण वेळ तर मारून नेता येईल. हृषिकेश म्हणाला, "आर यू शुअर, काका?" मी म्हटलं, विनीताला सांगू नकोस.

प्रयोग जवळच्या वेरिबीच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीनला. त्या हॉलमध्ये धूर झाला की अलार्म वाजतो, त्यामुळे नटराजाची पूजा आम्ही कार पार्कमध्ये करतो आणि नारळ फुटपाथच्या कडेवर फोडतो. आपा डोक्यावर शाल घेऊन बाजूला उभ्या राहिल्या, खोबऱ्याचा तुकडा त्यांनी चवीने खाल्ला, आणि मग विंगेत माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पलीकडे हृषिकेश, समोर लॅपटॉप.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. मुलगा आणि सून भांडताहेत, दारात बॅग घेऊन आई येते. दोघं थांबली. विनीता म्हणाली, "थांबलात का? चालू द्या."

कॉलरला माइक होता, पण आवाज आला तो फाटक्या कागदासारखा. हॉलमध्ये चुळबुळ झाली. तिने पुढचं वाक्य म्हटलं. आणि मागच्या रांगेतून, जिथून आपल्या लोकांचा आवाज हमखास येतो तिथून आला, "माइक!" मग दुसरा, "आवाज येत नाही!" मग तिसरा, जाणकार, "हृषिकेश, व्हॉल्यूम वाढव रे!"

त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय. बायकोचा आवाजच असा आहे, हे मी सात महिने कमिटी आणि नटसंच सोडून कुणाला कळूच दिलं नव्हतं.

हृषिकेशने माझ्याकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर होतं. माझा हात कोपरापासून वर उचलला गेला होता. विनीता स्टेजच्या मधोमध बॅग धरून उभी, आणि दोनशे माणसं माइक, माइक करताहेत. मी आपांकडे पाहिलं. वाटलं, त्या माझा हात धरतील. त्यांनी धरला नाही. त्या स्टेजकडे बघत होत्या, माझ्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. तेव्हा मीही स्टेजकडे बघितलं.

विनीता घाबरलेली नव्हती. ती वाट बघत होती.

मी हात खाली घेतला आणि खिशात घातला.

तिने बॅग ठेवली. तीन पावलं पुढे आली, अगदी कडेला, आणि मागच्या रांगेकडे मुख्याध्यापिकेच्या नजरेने पाहत म्हणाली, "माइक चालू आहे. आवाज एवढाच आहे. ऐकायचं असेल, तर गप्प बसा."

कुणीतरी फिस्सकन हसलं, भूमिकेला ते इतकं शोभलं होतं. आणि मग हॉल गप्प झाला. आमचे लोक, जे नाटक चालू असताना वडे कधी मिळणार याची चर्चा करतात, ते असे गप्प झाले की हॉलच्या किचनमधल्या फ्रिजची घरघर मला विंगेत ऐकू आली. पुढचा सव्वा तास ती बोलली. दोनदा आवाज पूर्ण गेला. दोन्ही वेळा ती थांबली, आणि लोकही थांबले. शेवटच्या पाच वाक्यांना पहिल्या रांगेतली माणसं पुढे वाकून बसली होती. पडदा पडल्यावर टाळ्या किती वाजल्या ते लिहीत नाही. मी रडत होतो, त्यामुळे नीट मोजताही आलं नाही.

परत येताना आपा मागच्या सीटवर होत्या, विनीता माझ्या शेजारी. ती बोलत होती. दर प्रयोगानंतर करते तसा माझ्या चुकांचा पंचनामा चालला होता. दुसऱ्या प्रवेशातला दिवा उशिरा आला, टेबल वाकडं ठेवलं होतं, ऋताला पदराची सवय करून द्यायला हवी होती. मग ती म्हणाली, "हृषिकेशला तू काय सांगून ठेवलं होतंस, ते मला माहीत होतं."

गाडी माझ्या हातून जरा लेन सोडून गेली. "कुणी सांगितलं? हृषिकेशने?"

"ऋताला त्याने सांगितलं. तिने मला सांगितलं. मी आपांना."

"मग तेव्हाच भांडली का नाहीस?"

ती दम खायला थांबली. "मला बघायचं होतं," ती म्हणाली, "तू काय करतोस ते."

मागे बसलेल्या आपांना मराठी कळत नव्हतं, पण मला वाटतं सगळं कळलं होतं. विनीताने पुन्हा दिव्याचा विषय काढला. सांगायचं अजून पुष्कळ होतं आणि तिचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. मी रेडिओ बंद केला, हीटर बंद केला, काचा वर घेतल्या. ट्रुगानिनाचं वळण आलं, ते मी सोडून दिलं आणि सरळ पुढे जात राहिलो. चौतीस वर्षांत तिचं बोलणं मध्ये न तोडता मी शेवटपर्यंत ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.